ग्लिओब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगाच्या अहवालातील आयडीएच, एमजीएमटी या शब्दांवरून आयुर्मानाचा अंदाज कितपत बांधता येतो?

तापीकाठ (प्रश्नकर्ता)

नमस्कार. मी मूळचा रावेर तालुक्यातला असून भुसावळला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. माझे वडील, ज्यांना आम्ही आप्पा म्हणतो, ५८ वर्षांचे आहेत आणि केळीची शेती करतात. जुलैपासून त्यांच्या बोलण्यात भलतेच शब्द येऊ लागले होते. विळा हवा असला की ते ‘घड्याळ दे’ म्हणत आणि समोरचा माणूस गोंधळला की स्वतःच चिडत. आम्ही ते वयावर आणि उन्हावर ढकलले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बागेत ठिबकची नळी जोडताना त्यांना आकडी आली, जळगावला एमआरआय झाला आणि मेंदूच्या डाव्या टेम्पोरल भागात साडेचार सेंटिमीटरची गाठ असल्याचे कळले. शस्त्रक्रिया होऊन आता अडीच आठवडे झाले आहेत. गाठीचा बराचसा भाग निघाला, मात्र मागच्या बाजूचा थोडा भाग ‘भाषेच्या जागेला लागून’ असल्यामुळे ठेवला, असे सांगण्यात आले. आप्पा स्वतःची आंघोळ, जेवण, चालणे व्यवस्थित करतात. शब्द मधूनच अडतात.

बायोप्सीच्या अहवालात ‘ग्लिओब्लास्टोमा, आयडीएच-वाइल्डटाइप, डब्ल्यूएचओ ग्रेड ४’ असे लिहिले आहे. त्याखाली आयडीएच१ आर१३२एच निगेटिव्ह, एटीआरएक्स रिटेन्ड आणि केआय-६७ सुमारे ३० टक्के अशा नोंदी आहेत. करोनापासून आमच्या घरात ‘निगेटिव्ह’ म्हणजे सुटलो असाच अर्थ रुजला आहे, त्यामुळे आईने तो शब्द ऐकताच देवापुढे साखर ठेवली. नंतर वॉर्डाबाहेरच्या गर्दीत एका कनिष्ठ डॉक्टरांनी चालता चालता ‘सहा महिने ते वर्ष’ एवढेच सांगितले आणि ते लिफ्टमध्ये शिरले. अहवालाच्या शेवटच्या ओळीत एमजीएमटी चाचणीचा सल्ला आहे. ती चाचणी मुंबईला पाठवावी लागेल असे कळते. ती करून खरोखर काही कळते का? तीस टक्के म्हणजे नेमके कशाचे तीस टक्के? शिवाय ‘जनुकीय चाचणी’ हे शब्द भाऊबंदांच्या कानावर गेले आहेत आणि माझ्या धाकट्या बहिणीची सोयरीक जुळत आली असताना ‘हे घराण्यात आहे का’ अशी विचारणा सुरू झाली आहे.

आणखी एक गोष्ट लिहावी की नाही याचा मी विचार करत होतो. आप्पा रोज एकच विचारतात: यंदा कांदेबाग लावायची का? कांदेबागेत, म्हणजे केळीच्या या हंगामातल्या लागवडीत, टिश्यूची रोपे ऑक्टोबरमध्ये लावली तर माल कापणीला येईपर्यंत साधारण वर्ष जाते, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. ते बागेविषयी विचारत नाहीत, हे मलाही कळते.

सूक्ष्मदर्शक

तापीकाठ, मी धुळ्यात पॅथॉलॉजीचे काम करतो. आप्पांच्या पेशी मी पाहिलेल्या नाहीत. त्यामुळे पुढचे सगळे अहवालातील शब्दांविषयी आहे असे समजावे.

आधी ‘निगेटिव्ह’विषयी, कारण या शब्दाने तुमच्याच नव्हे, अनेक घरांत घोटाळा केला आहे. आयडीएच१ हे पेशीच्या चयापचयातील एका एन्झाइमचे जनुक आहे. काही ग्लिओब्लास्टोमांमध्ये या जनुकात ठरावीक बदल असतो, हे २००८ मध्ये उजेडात आले आणि पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असा बदल असलेल्या रुग्णांचे मध्यक आयुर्मान ३१ महिने, तर बदल नसलेल्यांचे (अहवालातील ‘वाइल्डटाइप’ म्हणजे हेच) १५ महिने आढळले. म्हणजे येथे बदल सापडणे हे चांगले लक्षण आहे आणि ‘निगेटिव्ह’ ही दुर्दैवाने आनंदाची बातमी नाही. २०२१ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाने तर बदल असलेल्या गाठींना ग्लिओब्लास्टोमा म्हणणेच बंद केले. त्या आता अ‍ॅस्ट्रोसायटोमा या वेगळ्या नावाखाली येतात. याचा एक परिणाम वाचकांच्या लक्षात येत नाही: २०२१ पूर्वीच्या अभ्यासांतील आकड्यांत हे दोन्ही प्रकारचे रुग्ण एकत्र मोजलेले असू शकतात. आईंना हे कसे सांगायचे ते तुम्ही ठरवा. साखर ठेवली त्यात काही चुकले नाही.

आर१३२एच ही रंगद्रव्याची चाचणी आयडीएचमधील सर्वांत सामान्य बदल पकडते, म्हणजे ग्लिओमात (ग्लिओब्लास्टोमा ज्या गटात मोडतो त्या मेंदूच्या गाठींत) आढळणाऱ्या अशा दहा बदलांपैकी सुमारे नऊ. रुग्ण ५५ वर्षांहून लहान असेल तर उरलेला एक निसटू नये म्हणून निगेटिव्ह अहवालानंतरही जनुकाची अनुक्रम तपासणी करतात. आप्पांचे वय ५८ असल्यामुळे आणि त्यांना पूर्वी सौम्य ग्रेडची गाठ नसल्यास, ती सहसा आवश्यक मानली जात नाही. एटीआरएक्स ‘रिटेन्ड’ असणे, म्हणजे त्या जनुकाचे प्रथिन पेशींत टिकून असणे, या निदानाशी सुसंगत आहे, त्यावर अधिक विचार करू नये.

केआय-६७ म्हणजे तपासलेल्या पेशींपैकी किती पेशी विभाजनाच्या चक्रात होत्या त्याचे प्रमाण. ते जगण्याचे टक्के नाहीत आणि उरलेल्या गाठीचेही नाहीत. गाठ वेगाने वाढणारी आहे हे त्यातून कळते, पण ते ‘ग्रेड ४’ या शब्दांत आधीच आलेले आहे. याच रोगाच्या दोन रुग्णांत एकाचा आकडा २० आणि दुसऱ्याचा ४० असला, तर त्यावरून कोण अधिक जगेल हे मी सांगणार नाही.

आता सोयरिकीविषयी, कारण माझ्या मते तुमच्या पत्रातील सर्वांत तातडीचा गैरसमज हाच आहे. मराठीत आपण ‘जनुकीय’ आणि ‘आनुवंशिक’ हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो आणि त्याचा भुर्दंड अशा वेळी पडतो. आयडीएच, एमजीएमटी आणि अशा अहवालांत येणारी ईजीएफआर, टर्ट ही इतर जनुके, यांतले हे सर्व बदल गाठीच्या पेशींतले आहेत. ते आयुष्याच्या ओघात एखाद्या पेशीत घडले आणि तिच्या पुढच्या पिढ्यांत उतरले. आप्पांच्या रक्तात, म्हणजे त्यांनी मुलांना दिलेल्या वारशात, ते नसतात. मेंदूच्या अशा गाठी आनुवंशिक कारणाने होणे विरळ आहे. ली-फ्रॉमेनी, लिंच किंवा न्यूरोफायब्रोमॅटोसिस यांसारख्या विकारांत ते घडते आणि अशा घरांत बहुधा कमी वयात, एकाहून अधिक नातेवाइकांना निरनिराळे कर्करोग झालेले असतात. तुमच्या घरात तसे नसेल तर बहिणीची कोणतीही चाचणी करण्याचे कारण नाही, आणि विचारणाऱ्यांना हे स्पष्ट शब्दांत सांगता येईल.

एमजीएमटी हे दुरुस्तीचे जनुक आहे. किरणोपचारासोबत गोळीच्या रूपात दिले जाणारे टेमोझोलोमाइड हे औषध गाठीच्या पेशीच्या डीएनएवर एक छोटा रासायनिक गट चिकटवून तिला मारू पाहते, आणि एमजीएमटीचे प्रथिन तोच गट काढून टाकते. जनुकाच्या सुरुवातीच्या भागावर मिथिलेशन झाले असेल, म्हणजे मिथाइल गटांची रासायनिक खूण बसली असेल, तर जनुक बंद पडते, दुरुस्ती होत नाही आणि औषध लागू पडण्याची शक्यता वाढते. म्हणून या ठिकाणी ‘मिथिलेटेड’ हा शब्द हवाहवासा असतो. काही अहवाल मधल्या टक्केवारीत येतात आणि कोणत्या बाजूला ढकलावेत याविषयी प्रयोगशाळांची सीमारेषा एकसारखी नाही, हेही ध्यानात ठेवावे.

चाचणीसाठी केवळ काचा नव्हे तर गाठीचा तुकडा ज्यात साठवलेला असतो तो मेणाचा ब्लॉक मागावा. तो देताना पॅथॉलॉजी विभाग तुमची सही घेईल. ब्लॉकवरचा क्रमांक अहवालावरील क्रमांकाशी तेथेच ताडून पाहावा आणि ब्लॉक उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये. हे विनोदाने लिहीत नाही. एका नातेवाइकाने वैशाखात आणलेला ब्लॉक कडेने ओघळलेला मी पाहिला आहे.

नाना_अमळनेर

मी निवृत्त शिक्षक आहे, डॉक्टर नाही. परंतु माझ्या मेहुण्याच्या आजारात हा सर्व प्रवास पाहिला आहे. बेटा, मी थोडे वेगळे सांगतो. अहवाल मिथिलेटेड येवो अथवा न येवो, किरणोपचार आणि तीच गोळी दिली जाणार असेल, तर चाचणीचा खर्च आणि तीन आठवड्यांची धाकधूक कशासाठी? मेहुण्याचा अहवाल ‘अनमिथिलेटेड’ आला आणि त्या दिवसापासून घरातली माणसे त्याच्याकडे निराळ्या नजरेने पाहू लागली. औषध तेच राहिले. तो पैसा मुंबईच्या मुक्कामाला उपयोगी पडला असता.

किरण_नाशिक

मी किरणोपचार विभागात काम करतो. नानांचा आक्षेप योग्य आहे आणि त्याला वळसा घालून पुढे जाणे बरे नव्हे. सत्तरीच्या आतील, प्रकृती ठीक असलेल्या रुग्णाला बहुतेक ठिकाणी एमजीएमटी काहीही असले तरी टेमोझोलोमाइड दिलेच जाते. तरीही मी ब्लॉक पाठवावा असे म्हणेन, कारण उपचारादरम्यान काही वळणांवर तो अहवाल हाताशी असावा लागतो: प्लेटलेट्स घसरल्यावर गोळी किती ताणून द्यावी, किरणोपचारानंतरच्या पहिल्या एमआरआयमध्ये गाठ मोठी दिसली तर तिचा अर्थ कसा लावावा, आणि एखाद्या नव्या उपचाराच्या अभ्यासात नाव घालता येईल का. मात्र अहवाल येण्याची वाट पाहत किरणोपचार लांबवू नयेत. शस्त्रक्रियेपासून तीन ते सहा आठवड्यांच्या दरम्यान ते सुरू व्हावेत. तुमचे अडीच झाले आहेत.

आता आकडे. सध्याचे प्रमाणित उपचार २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, रॉजर स्टुप यांच्या नेतृत्वाखालील अभ्यासावर उभे आहेत. त्यात ५७३ रुग्ण होते. निम्म्यांना सहा आठवडे केवळ किरणोपचार दिले गेले, ३० वेळा मिळून ६० ग्रे (हे किरणांच्या मात्रेचे एकक). उरलेल्यांना त्यासोबत रोज टेमोझोलोमाइड आणि नंतर दर २८ दिवसांतील पाच दिवस, अशी सहा आवर्तने. मध्यक आयुर्मान १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेले. वॉर्डाबाहेर तुम्हाला जे ऐकवले गेले ते बहुधा याच आकड्याचे चालता चालता केलेले भाषांतर होते.

तुम्ही शिक्षक आहात, म्हणून मध्यकाची व्याख्या तुम्हाला सांगणे आगाऊपणाचे होईल, पण ती दवाखान्यात सगळेच विसरतात. शंभर रुग्ण आयुर्मानाच्या क्रमाने उभे केले, तर मधोमध उभा असलेला रुग्ण १४.६ महिन्यांवर आहे. त्याच्यापुढे पन्नास जण आहेत आणि ती रांग त्याच्या अलीकडच्या रांगेपेक्षा बरीच लांबवर पसरलेली आहे. त्याच अभ्यासात दोन्ही उपचार मिळालेल्यांपैकी २६.५ टक्के रुग्ण दोन वर्षांनी हयात होते. फक्त किरणोपचार मिळालेल्यांत हे प्रमाण १०.४ टक्के होते. पाच वर्षांनी हेच आकडे ९.८ आणि १.९ टक्के झाले. मोनिका हेगी यांनी याच रुग्णांच्या गाठी एमजीएमटीसाठी तपासल्या, तेव्हा दोन्ही उपचार घेतलेल्या मिथिलेटेड गटाचे मध्यक आयुर्मान २१.७ महिने आणि अनमिथिलेटेड गटाचे १२.७ महिने निघाले. दोन वर्षांनी पहिल्या गटातील ४६ टक्के, तर दुसऱ्या गटातील सुमारे १४ टक्के रुग्ण हयात होते. नानांच्या मेहुण्यांना ज्या नजरेने पाहिले गेले ती नजर या चौदा टक्क्यांना विसरलेली होती. हेही सांगायला हवे की त्या अभ्यासातील रुग्ण सत्तरीपर्यंतचे आणि प्रकृतीने बऱ्यापैकी सक्षम होते. रोजच्या ओपीडीत येणारे सगळेच तसे नसतात.

जनुकांच्या जोडीला रुग्णाच्या प्रकृतीतून कळणाऱ्या गोष्टी तितक्याच वजनदार आहेत, आणि त्या विनामूल्य कळतात. वय हे त्यांतले पहिले. दुसरी कार्यक्षमता, जी आम्ही कार्नोफ्स्की गुणांत मोजतो: पूर्ण धडधाकट माणसाला १००, स्वतःचे सर्व करतो पण कामधंदा जमत नाही अशाला ७०. तुम्ही लिहिलेल्या वर्णनावरून आप्पा ७० ते ८० च्या आसपास असावेत, जे उपचार सोसण्याच्या दृष्टीने चांगले आहे. तिसरी गोष्ट म्हणजे गाठ किती निघाली. एमआरआयवर चमकणारा भाग जितका अधिक काढता येईल तितके आयुर्मान सुधारते, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. तथापि शस्त्रक्रियेने वाचा किंवा हातपाय गेले, तर तो लाभ बव्हंशी हातचा जातो. डाव्या टेम्पोरल भागाच्या मागच्या बाजूला ऐकलेल्याचा अर्थ लावणारी जागा असते. शल्यविशारदांनी तेथे हात आखडता घेतला असेल तर ती कुचराई समजू नये; आप्पा आज तुम्हाला बागेविषयी विचारू शकतात, त्यामागे तो निर्णयही आहे. शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन दिवसांत एमआरआय झाला असल्यास त्याची सीडी किरणोपचाराच्या पहिल्या भेटीला न्यावी, आखणीसाठी ती लागतेच.

हे घटक एकत्र करून गट पाडण्याचे प्रयत्न १९९३ पासून, अमेरिकेतील आरटीओजी या संशोधनगटाच्या वर्गवारीपासून, चालू आहेत. गटाविषयी ते बरेच सांगतात. पण बेरीज-वजाबाकी करून आप्पांचा महिना काढू नये. एकाच गटात चार महिन्यांत गेलेले आणि चार वर्षे काढलेले, दोन्ही मी पाहिले आहेत.

कांदेबागेबद्दल. लावावी की नाही, हे मी सांगणार नाही. पण ज्याची गाठ भाषेच्या जागेला लागून आहे, त्याच्या बाबतीत एक सल्ला मी प्रत्येक कुटुंबाला देतो: पीककर्ज, सातबारा, बँकेतील सही, कोणाचे देणे-घेणे, आणि अतिदक्षता विभागाविषयी त्यांची स्वतःची इच्छा, हे सगळे या महिन्यात, ते नीट बोलू आणि समजू शकतात तोवर, त्यांच्याच तोंडून ऐकून घ्या. पुढे ते असतील आणि शब्द नसतील, असा काळ येऊ शकतो.

सातपुडा७२

मध्येच विचारतो, क्षमस्व. माझी आई ७२ वर्षांची आहे, निदान हेच. तिला सहा आठवड्यांचे उपचार झेपतील असे वाटत नाही. चोपड्याहून रोज जाणे-येणेही शक्य नाही.

किरण_नाशिक

६५ वर्षांवरील रुग्णांसाठी छोटा आराखडा आहे: १५ वेळांत ४० ग्रे, म्हणजे तीन आठवडे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यासोबत टेमोझोलोमाइड दिल्यावर मध्यक आयुर्मान ७.६ वरून ९.३ महिने झाले. मिथिलेटेड गटात मात्र ७.७ वरून १३.५. म्हणून तुमच्या आईंच्या वयात एमजीएमटी चाचणी आप्पांपेक्षाही अधिक कामाची आहे. प्रकृती फारच नाजूक असेल तर त्या अहवालावरून दोहोंपैकी एकच उपचार निवडता येतो.

शिरपूरची_काकू

माझे यजमान या आजाराने गेले. निदानापासून २६ महिने. त्यांचा अहवाल मिथिलेटेड होता, वय ५१. हे वाचून कोणी आपल्या माणसाचे महिने मोजू नयेत म्हणून वय आणि अहवाल मुद्दाम लिहिला.

किरण यांनी पहिल्या एमआरआयविषयी एका वाक्यात उल्लेख केलेली गोष्ट मी सविस्तर सांगते, कारण आम्ही त्यात होरपळलो. किरणोपचार संपल्यावर पाच आठवड्यांनी एमआरआय केला तर डाग आधीपेक्षा मोठा. एका ठिकाणी आम्हाला सांगितले गेले की गोळ्या निकामी ठरल्या, आता घरी न्या. दिरांनी गाडीसुद्धा ठरवली. मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात दाखवले तेव्हा तेथील डॉक्टरांनी गोळ्या चालूच ठेवल्या आणि दोन महिन्यांनी पुन्हा एमआरआय करायला सांगितला. त्यात डाग लहान झालेला होता. किरणांमुळे आलेली सूज आणि मृत पेशी पहिल्या तीन महिन्यांत वाढलेल्या गाठीसारख्या दिसू शकतात आणि मिथिलेटेड रुग्णांत असे अधिक घडते, हे तेव्हा समजले. घरी नेले असते तर पुढचे दीड वर्ष मिळाले नसते, असे मी म्हणत नाही; पण गोळ्या मात्र नक्की थांबल्या असत्या.

सूज उतरवण्यासाठी दिलेल्या डेक्सामेथासोन या स्टिरॉइडने यजमानांची साखर ३४० वर गेली होती आणि आम्ही मात्र अशक्तपणा म्हणून त्यांना केळी व शिरा खाऊ घालत होतो. तेव्हा तापीकाठ दादा, घरात ग्लुकोमीटर आणून ठेवा, केळीची बाग दारात असली तरी. आकडीची गोळी एक वेळही चुकवू नका. रक्ताची तपासणी आम्ही दर सोमवारी शिरपूरलाच करून अहवाल फोनवरून मुंबईला पाठवत असू; त्यासाठी प्रत्येक वेळी गाडीचा प्रवास करावा लागला नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे कागद शस्त्रक्रियेच्याच रुग्णालयात तयार झाले नसतील, तर किरणोपचार सुरू होण्यापूर्वी ते पूर्ण करून घ्या. नंतर धावपळ होते.

तापीकाठ (प्रश्नकर्ता)

सर्वांचे आभार. उत्तराला उशीर झाला, कारण मधल्या काळात किरणोपचार सुरू झाले. आज अकरावा दिवस आहे. ब्लॉक मी स्वतः घेऊन गेलो, पोह्यांच्या डब्यात कापूस घालून, आणि क्रमांक तेथेच ताडला. अहवाल काल आला: अनमिथिलेटेड. नाना, तुमचे म्हणणे मला काल रात्री पूर्ण कळले. आईला मी इतकेच सांगितले की औषध तेच राहणार आहे, आणि ते खरेही आहे. डॉक्टरांनी विचारल्यावर आप्पा म्हणाले की आकडा नको, काय काय करावे लागेल तेवढे सांगा.

बहिणीच्या सासरकडची मंडळी आली होती. सूक्ष्मदर्शक यांनी जनुकीय आणि आनुवंशिक यांतील जो फरक लिहिला, तो मी जवळजवळ शब्दशः त्यांच्यापुढे मांडला. मुलाचे काका एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहेत, त्यांनी मान डोलावली. तारीख पुढच्या तुळशीच्या लग्नानंतरची होती, ती आम्ही यंदाच्याच तुळशीनंतर घेतली आहे.

सोसायटीचे कर्ज आणि विहिरीच्या वाटणीचा जुना वाद, दोन्ही विषय आप्पांनी स्वतः दोन बैठकांत मिटवले. विहिरीच्या बैठकीत ते चुलत्यांना ‘मोटर’ म्हणण्याऐवजी तीनदा ‘बैल’ म्हणाले. चुलत्यांनी न हसता ‘हो, बैल तुमच्याकडे सात दिवस’ असे लिहून घेतले. कांदेबागेसाठी पाच हजारांऐवजी दोन हजार रोपांची मागणी नोंदवली आहे. लागवडीला रविवार धरला आहे, कारण शनिवार-रविवार किरणोपचाराला सुट्टी असते.

आता एकच शंका: त्या दोन दिवशी गोळी चालू ठेवायची की बंद? कागदावर ‘रोज’ लिहिले आहे.

किरण_नाशिक

किरणोपचाराच्या सहा आठवड्यांत टेमोझोलोमाइड शनिवार-रविवारीही असते. पोट रिकामे हवे, उलटीची गोळी त्याआधी. तरी सोमवारी तुमच्या डॉक्टरांकडून कागदावर तसे स्पष्ट लिहून घ्या, आणि त्याच दिवशी रक्ताची तपासणी.

लागवडीला आप्पांनी बांधावर खुर्चीत बसावे. आकडी येऊन गेलेल्या माणसाने विहिरीच्या काठाशी आणि मोटरच्या स्टार्टरपाशी एकट्याने जाऊ नये.